टकलावर चाललेलं घर

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात स्वतःच्या टकलावर घर चालवणारा माणूस एकच, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. हे मी गमतीनं म्हणत नाही. आमच्याकडे कुणाचं घर द्राक्षांवर चालतं, कुणाचं कांद्यावर, कुणाचं पेन्शनवर. मावशीचं घर तीसेक वर्षं काकांच्या डोक्यावर येणाऱ्या घामावर चाललं. त्यांचा तिखट सॉसचा धंदा आहे. शहरातल्या भेळेच्या गाड्या, वणीला देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी मांडलेली दुकानं, आग्रा रोडवरचे ढाबे, अशा सगळ्या ठिकाणी त्यांच्या बाटल्या जातात. हा सॉस किती तिखट असावा हे ठरवायला इतकी वर्षं त्यांच्याकडे ना मापाचा पेला होता, ना वही होती, ना कुठलं यंत्र. काकांचं टक्कल होतं, आणि त्याच्यावर मावशीचा देवावर नसेल इतका विश्वास होता.

दर गुरुवारी सकाळी दहा वाजता हा सोहळा व्हायचा. काका आंघोळ करून, डोकं कोरडं पुसून, मागच्या शेडच्या दारात स्टुलावर बसायचे. मावशी नव्या घाण्यातला चमचाभर सॉस आणि चतकोर भाकरी घेऊन यायची. काका भाकरीवर सॉस घेऊन खायचे, डोळे मिटायचे आणि गप्प बसायचे. मग त्यांच्या तोंडाकडे कुणी बघायचं नाही, सगळ्यांच्या नजरा डोक्यावर. घाम नुसताच कानाच्या वर आला की मावशी म्हणायची, "कानालाच आलंय," आणि आत जाऊन आणखी मिरची वाटायला घ्यायची. घाम भुवईपर्यंत उतरला तर, "भुवईला गेलं गं बाई," म्हणून सॉसमधला द्राक्षांचा गोड गर वाढवायची. आणि घामाचे थेंब नेमके टाळूवर उभे राहिले, ना मागे ना पुढे, की ती फक्त "टाळू" एवढंच म्हणायची. टाळू म्हणजे पास. मग बाटल्या भरायला सुरुवात. बाहेरच्या माणसाला हा प्रकार बघून वाटायचं की म्हाताऱ्याच्या अंगात येतंय की काय.

धंद्याची सुरुवातही काकांच्या केसांशी बांधलेली आहे. काका सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, आणि तेव्हा त्यांच्या डोक्यावर भरपूर केस होते. मग कारखाना बंद पडला. त्या काळजीनं म्हणा किंवा वाडवडिलांच्या कृपेनं म्हणा, दोन वर्षांत केस गेले. मावशीच्या भावाची, म्हणजे माझ्या मामाची, दिंडोरीला द्राक्षांची बाग. घडातून सुटलेले मणी बाजारात कुणी विचारत नाही, ते तो पोतं भरून बहिणीकडे टाकायचा. मावशीनं ते मणी शिजवून, गाळून, त्यात ओली लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर घालून एक लालभडक सॉस केला आणि आधी घरातच खाऊ घातला. तो चाखताना काकांच्या नव्याकोऱ्या टकलावर घाम उभा राहिलेला तिनं पहिल्यांदा पाहिला. पुढच्या वेळी सॉस थोडा कमी तिखट झाला, तर घाम कानाशीच थांबला. मावशी सातवी शिकलेली, पण तिच्याइतकी हुशार बाई मी पाहिलेली नाही. तिनं ताबडतोब ताडलं की नवऱ्याची नोकरी गेली असली तरी नवरा कामाचा आहे. काका स्वतः हे फार अभिमानानं सांगायचे. "केस होते तेव्हा सॉस नव्हता. केस गेले अन् लक्ष्मी आली. दोन्ही एकदम मिळत नाही, मास्तरीणबाई." मी शाळेत शिकवते म्हणून मी मास्तरीणबाई. केस, सॉस आणि लक्ष्मी या तिन्ही गोष्टी एकाच दमात आणणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

एवढं मोलाचं डोकं म्हटल्यावर त्याची बडदास्त पण तशीच. काका उन्हात छत्रीशिवाय बाहेर पडायचे नाहीत. नाशकात कुणी पुरुष एप्रिलमध्ये फुलांची छत्री घेऊन चालला असेल तर ते माझे काकाच, कारण घरात छत्री एकच होती आणि ती मावशीची होती. "यंत्र तापलं की माप चुकतं," असं ते चारचौघांत सांगायचे आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की यांचा काहीतरी मोठा कारखाना असणार. डोक्याला तेल लावायचं ते फक्त शुक्रवारी, म्हणजे गुरुवारपर्यंत जिरेल. टोपी, मफलर, फेटा सगळं वर्ज्य. दादाच्या लग्नात, दादा म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, सगळ्या मंडळींना फेटे बांधले आणि वरबाप बोडक्या डोक्यानं मांडवात उभा. व्याही बिचारे हात जोडून विनवत होते. काका म्हणाले, "अहो, उद्या गुरुवार आहे," आणि व्याह्यांना वाटलं यांचा गुरुवारचा काही नवस असेल. ते पाया पडले.

पंखा तर गुरुवारी सगळ्या घरात बंद. ते मी एकदा विसरले. कॉलेजात होते, मे महिना होता, मावशीकडे राहायला आले होते आणि उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. शेडच्या दाराशी एक टेबलफॅन होता, तो मी चालू केला. काका डोळे मिटून स्टुलावर बसलेले, त्यांना वाऱ्याचं सुख झालं असेल पण ते बोलले नाहीत. घाम आला तसा वाळला. मावशी म्हणाली, "कानालाही नाही आलं," आणि तिनं आणखी मिरची घातली. मग आणखी. तिसऱ्या वेळी पंखा दिसला तेव्हा फार उशीर झाला होता, कारण सगळा घाणा लालेलाल झालेला होता. तो टाकून द्यायचा जीव मावशीला होईना. शेवटी भेळवाल्यांना "नवा प्रकार" म्हणून दिला आणि आठ दिवसांनी भेळवाले त्याचीच मागणी घेऊन आले. मला मात्र त्या घरात आजही गुरुवारी कुठल्याही बटणाला हात लावू देत नाहीत. मी दोन मुलांची आई आहे, पण नाही म्हणजे नाही.

काकांची दुसरी खोड म्हणजे खिशातली बाटली. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, काका सॉसची छोटी बाटली ठेवायचे. ती बाटली जगातल्या कुठल्याही पदार्थावर उलटी व्हायची. पोहे, भाकरी, आमटी, खिचडी हे तर झालंच, पण कलिंगडावर, दहीभातावर, एकदा तर आमच्या धाकट्याच्या वाढदिवसाच्या केकवर. घोटीला एका लग्नात पंगतीत जिलेबी वाढली आणि काकांनी सगळ्यांसमोर खिशातून बाटली काढून तिच्यावर लाल धार सोडली. मुलीकडच्यांना वाटलं, जिलेबी आवडली नाही म्हणून अपमान केला. मुलीचा काका उठून आला, "पाव्हणं, काय कमी पडलं का?" आमच्या काकांनी शांतपणे दुसरी जिलेबी सॉसमध्ये बुडवली आणि त्याच्या हातावर ठेवली. "खाऊन बघा." त्या माणसानं भिडेखातर खाल्ली आणि मग पाणी शोधत मांडवाबाहेर गेला. पण जाता जाता बाटली कुठे मिळते हे विचारून गेला. तेव्हापासून घोटीतही आपला माल जातो. धंदा वाढवायची ही रीत कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, मी तरी शिकवत नाही.

दादाला मुली बघत होतो तेव्हाही हीच परीक्षा. काकांचं ठाम मत होतं की तिखट खाऊन जो गप्प बसतो तो माणूस आतल्या गाठीचा. पोरी येत, कांदेपोह्यांवर काका स्वतः सॉस घालत, पोरी भिडेनं खात, डोळ्यांतून पाणी येई पण हसून म्हणत, "छान आहे." काका आत येऊन मावशीला सांगत, "नको. खोटं बोलते." मावशीच्या नाकी नऊ आले होते. मग आमची वहिनी आली. रत्नागिरीकडची, अन्नप्रक्रियेचं शिक्षण घेतलेली, चष्मेवाली. तिनं एक घास खाल्ला, सरळ बशी बाजूला ठेवली, तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "हे फार तिखट आहे. यात चवच कळत नाही." मी दारात उभी होते, मला वाटलं हेही स्थळ गेलं. काका मात्र इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. "खरं बोलणारी आहे! अशीच पायजे!" म्हणून अर्ध्या गल्लीला सांगत सुटले. ती काय बोलली याकडे आमच्यापैकी कुणीच लक्ष दिलं नाही, काकांनी तर नाहीच नाही.

आता मूळ गोष्टीवर येते. परवाच्या उन्हाळ्यात दादाची गाडी दुरुस्तीला होती म्हणून काकांना आणि चार खोकी बाटल्यांना मी माझ्या गाडीतून चांदवडला घेऊन गेले. तिथे हायवेला एक ढाबा आहे, त्याचा मालक काकांचं अगदी सुरुवातीच्या दिवसांतलं गिऱ्हाईक. आम्ही गेलो तर तो मागच्या बाजूला मोठ्या पातेल्यात काहीतरी ढवळत होता. शेजारी काकांच्या रिकाम्या बाटल्या आणि टोमॅटो सॉसचा एक भलामोठा डबा. काकांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

तो माणूस ओशाळला. पळी ठेवून हात पुसत म्हणाला, "काका, राग नका येऊ देऊ. तुमचा सॉस आता आम्ही नुसता देत नाय. एक वाटी तुमचा, तीन वाट्या टमाट्याचा. तवा लोकांना झेपतं."

"कधीपासून?"

"झाली की तीन-चार वर्सं. त्याच्या आधी निम्मा-निम्मा करायचो. अन् अगदी सुरवातीला नुसताच ठिवायचो, टेबलावर. लोक बोटानं चाटायचे बघा. पोरं तर बाटलीच्या बुडाला काडी घालून चाटायची." तो हसला आणि मग काकांचं तोंड बघून त्यानं पळी परत हातात घेतली. "लय भारी हाय तुमचा माल. उगाच जास्त झाला एवढंच."

मी काकांकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ते खाटेवर बसले, चहा आला, खिशातली बाटली काढायला हात वर गेला आणि तसाच खाली आला. परत येताना पिंपळगावपाशी एकदम म्हणाले, "म्हणजे सॉस नाही बिघडला. मी बिघडलो."

गोष्ट साधी होती आणि ती आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आली नव्हती. बारा महिने तेरा काळ ते तिखट खाऊन काकांची जीभ निबर झाली होती. जीभ निबर झाली तसा घाम येईना, घाम येईना तशी मावशी मिरची वाढवी. दरवर्षी थोडी. घरातही सगळे तोच सॉस खाणारे, त्यामुळे कुणाला फरक जाणवला नाही. भेळवाले आपापल्या परीनं चिंचेचं पाणी वाढवत गेले, ढाबेवाला टोमॅटो वाढवत गेला, आणि काकांच्या मोठेपणाला धक्का नको म्हणून कुणी तोंडातून ब्र काढला नाही. आम्ही समजत होतो, सॉस टाळूवर उभा आहे. तो केव्हाच भुवईच्या खाली उतरून हनुवटीवर पोचला होता.

त्या संध्याकाळी सगळे स्वयंपाकघरात बसले. दादा म्हणाला, आपणच मिरची निम्मी करू, काय एवढं. मावशी म्हणाली, निम्मी कशाच्या निम्मी? मूळ किती होती हे कुणाला ठाऊक आहे? ते वहीत नाही, बाटलीवर नाही. मूळ माप एका ठिकाणी होतं, ह्यांच्या डोक्यावर, आणि तेच हललंय. मग वहिनी बोलली. ती कमी बोलते, पण बोलते तेव्हा सरळ बोलते, त्यासाठीच तर तिला घरात आणली होती. "बाबा, जीभ परत जागेवर येते. तिखट पूर्ण बंद केलं तर. पण अगदी पूर्ण. हिरवी मिरची नाही, मिरपूडसुद्धा नाही."

मावशीला हसू आलं. "ह्यांचं तिखट बंद? मग तर झालंच."

"नवी लाल मिरची दिवाळीनंतर येते," वहिनी म्हणाली. "तोवर जुना माल पुरेल, ज्याला हवा त्याला जास्त तिखट आहे असं सांगून देऊ. तोवर बाबांनी पथ्य केलं, तर नव्या घाण्याला आपण थेंबाथेंबानं मिरची वाढवत जाऊ आणि टाळूला घाम आला की थांबू. ते सगळं मी वजनानं लिहून ठेवीन. मग पुन्हा कधी हलणार नाही."

"लिहून ठेवलं," काका म्हणाले, "की मग गुरुवारचं काय?"

दादा जमिनीकडे बघत होता. वहिनीनं चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "मग गुरुवारी चाखायची गरज नाही, बाबा."

"हं," म्हणाले काका. आणि उठून ओसरीत जाऊन बसले. मला इतका राग आला त्या वहिनीचा की काय सांगू. काही खोटं बोलली नव्हती ती, पण खरं बोलणाऱ्या माणसानं पण कधीतरी सुट्टी घ्यावी की नाही? तीस वर्षं त्या माणसाला त्याच्या डोक्यानं पोसलं, मान दिला, गल्लीत नाव दिलं. नोकरी एकदा गेली होती, तेव्हा कुणी त्याला विचारलं नव्हतं. आता दुसऱ्यांदा जाणार, आणि ती घालवायची कशी, तर स्वतःच पथ्य करून. मी बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि हळूच म्हटलं, "काका, मी सांगते तसं करा. पथ्य करा हवं तर, पण त्या दिवशी म्हणायचं, मला काही कळत नाही बुवा. म्हणजे लिहिणार काय ती कपाळ? पुढच्या गुरुवारी परत बसायचं स्टुलावर."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना लबाडी जमली असती तर मी सांगायच्या आधीच केली असती. मग म्हणाले, "बोटानं चाटायचे म्हणाला तो. ऐकलंस ना? काडी घालून." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिशातली बाटली वहिनीच्या हातात दिली आणि दूध-भात मागितला.

त्यानंतरचे पाच-सहा महिने त्या घरात काय होते ते शेजाऱ्यांना विचारा. पहिले पंधरा दिवस काका जेवायला बसले की पाच मिनिटांत उठायचे. "मातीला चव असते, ह्याला ती पण नाही," असं म्हणायचे. हात सारखा रिकाम्या खिशाकडे जायचा. भाजीबाजारात मिरच्यांच्या गाड्यापाशी आले की समोरच्या फुटपाथवर जायचे. मग हळूहळू चमत्कार सुरू झाले आणि प्रत्येक चमत्काराचा मला फोन. मी वर्गात असले तरी फोन. "मास्तरीणबाई, आपल्या काकडीला वास असतो, माहितीय का?" "नळाचं पाणी आज कालच्यापेक्षा गोड आहे, तुझ्याकडे पण आहे का बघ." एकदा तर पेरूच्या चार फोडी खाऊन, चारही फोडींची चव वेगवेगळी आहे हे सांगायला ते थेट माझ्या शाळेत आले. फुलांची छत्री घेऊन. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं कुणी पालक तक्रार घेऊन आले. काकांनी त्यांनाही एक फोड दिली.

दिवाळी झाली. नंदुरबारकडची नवी मिरची आली. आणि मग तो गुरुवार. मी शाळेत खोटं सांगून रजा काढली, ते इथे लिहून ठेवते. पंखा बंद, काका आंघोळ करून स्टुलावर. वहिनीनं टेबलावर वजनकाटा मांडलेला, वही उघडी. मावशीच्या हातात वाट्या. पहिल्या वाटीत नुसता द्राक्षांचा गर, लसूण आणि नावाला मिरची. काकांनी खाल्लं, डोळे मिटले. डोकं कोरडं. वहिनीनं मिरची वजन करून वाढवली. दुसरी वाटी, कोरडं. तिसऱ्या वाटीला कानाच्या वर एक थेंब आला, आणि मावशीनं श्वास घेतला तो मला ऐकू आला. चौथ्या वाटीला काकांनी खाल्लं आणि बराच वेळ काहीच झालं नाही. त्याच क्षणी ते काहीही म्हणू शकले असते. मी मनात देवाला म्हणत होते, म्हणा काका, काही कळत नाही म्हणा. मग टाळूवर एक थेंब उभा राहिला. मग दुसरा. मावशी शब्द बोलायच्या आधीच काका डोळे मिटूनच म्हणाले, "थांब. हेच. हेच होतं."

"नक्की, बाबा? आणखी एकदा बघू या का?"

"नको. लिही."

वहिनीचं लिहून झाल्यावर काका म्हणाले, "वाचून दाखव." तिनं वाचलं. मिरची इतकी, गर इतका, लसूण इतका, व्हिनेगर इतकं. चार ओळी झाल्या.

"एवढंच?" काकांनी विचारलं.

"एवढंच, बाबा."

ते उठले, टॉवेलनं डोकं पुसलं, आणि स्टूल उचलून स्वतःच आत नेऊन ठेवलं. मग वहिनीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "झकास झालंय. चाटतील लोक." त्या पोरीचे डोळे भरून आले, आणि माझा तिच्यावरचा सगळा राग त्या शेडमध्येच गेला.

लोक चाटतातच. चांदवडचा ढाबेवाला आता बाटली सरळ टेबलावर ठेवतो. वहिनी वजन करून घाणा घालते आणि घाणा चुकत नाही. काकांना काहीतरी काम हवं म्हणून दादानं त्यांना पावत्या बघा म्हणून सांगितलं, त्यांनी दोन दिवस बघितल्या आणि तिसऱ्या दिवशी चष्मा सापडत नाही म्हणाले. गुरुवारी मात्र ते अजूनही नऊ वाजता आंघोळ करतात, डोकं कोरडं पुसतात, आणि मग ओसरीत येऊन नुसते उभे राहतात. मावशी चहाचा कप आणून देते.

मागच्या महिन्यात मी अशाच एका गुरुवारी त्यांच्याकडे जेवायला होते. मावशीनं काकांच्या ताटात डाव्या बाजूला चांगला झणझणीत ठेचा वाढला आणि म्हणाली, "घ्या. कितीदा सांगू, पथ्य संपलं तुमचं." काकांनी ठेचा बोटानं बाजूला सारला.

"नको. वरण वाढ."

"अहो, वरण आहे की ताटात."

"आणखी वाढ." तिनं वाढलं. ते भातात कालवून एक घास खाल्ला, थांबले. "ह्यात तू काय घालतेस गं? हिंग आहे, ते कळलं. दुसरं काहीतरी आहे."

"मेथीचे चार दाणे. तुपात."

"हे कधीपासून घालतेस?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. माझ्या आईचं वरण आहे हे."

काका ताटाकडे बघत होते. मला वाटलं आता काहीतरी विनोद करतील. ते म्हणाले, "चाळीस वर्षं रोज केलंस, आणि मी रोज त्याच्यावर सॉस ओतला. मला एकदा तरी सांगायचंस."

"सांगितलं होतं की एकदा," मावशी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, ठीक आहे."

"ठीक नाही," काका म्हणाले. "लय छान आहे गं."

मावशी वळून आत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी गेले, तर ती ओट्यापाशी नुसती उभी, हातात पळी. मला बघून पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "पहिल्यांदा म्हणाले गं." मग वरणाचं पातेलं उचललं, बाहेर नेलं, आणि काकांच्या ताटाशेजारी जमिनीवर ठेवून तिथंच बसली.